पाचव्या आणि सहाव्या ओळीतले दगड

माझ्याकडे दगडांचे अकरा डबे आहेत. मिठाईचे, पुठ्ठ्याचे, सगळे एकाच मापाचे. वेगळ्या मापाचा डबा घरात आला तर त्यात मी वाती ठेवते. प्रत्येक डब्यात जुन्या सुती साडीची घडी, घडीवर दगड, दगडावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका आणि ठिपक्यावर काळ्या शाईने क्रमांक. तोच क्रमांक रजिस्टरात. रजिस्टरात लांबी, रुंदी, जाडी, वजन, रंग, आकार. वजन सोनाराच्या काट्यावर केलेलं, कारण नखाएवढ्या दगडाने किराण्याचा काटा हलत नाही.

हे वाचून कोणाला हसू येईल. माझ्या धाकट्या जाऊला तर पहिल्या दिवसापासून आलं.

नागपूरच्या पुढे, राज्याच्या सीमेपलीकडे असलेल्या सौंसरच्या शाळेत मी सहावीला इतिहास शिकवते. पुस्तक हिंदीत, मुलांचं घर मराठीत, आणि मी दोन्हीच्या मध्ये उभी. सुरुवातीचे धडे आदिमानवाचे. गुहा, शिकार, विस्तव, दगडाची हत्यारं. दगडाचं हत्यार म्हणजे काय ते मुलांना समजेना, तेव्हा मी सांगितलं, वावरात किंवा नदीच्या पात्रात धारेचा दगड दिसला तर आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग लागला. बहुतेक नुसते दगडच होते. पण एका मुलीने आणलेल्या मूठभर खड्यांमध्ये दुधी रंगाची एक पाती होती, बोटाच्या पेराएवढी, दोन्ही कडा इतक्या सरळ की त्या आपोआप झाल्या असं म्हणायला धीर होईना. मी ती पाती नखावर फिरवली. नख सोललं गेलं. त्या दिवसापासून सोळा वर्षं मी दगड गोळा करते आहे.

आदिमानवानंतरचा धडा मला जास्त आवडतो. माणूस शेती करतो, एका जागी राहतो, गाडगी घडवतो, कोठारं बांधतो, मग शहरं होतात आणि लिहिणं सुरू होतं. दरवर्षी मी वर्गाला सांगते, पहिल्या लिहिणाऱ्यांनी गाणी किंवा गोष्टी लिहिल्या नाहीत, त्यांनी याद्या लिहिल्या. जव किती, मेंढ्या किती, कोठारात काय आलं, काय गेलं. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, हे मला माहीत आहे.

या हिशेबाने पाहिलं तर आमच्या घरात दोन युगं एकाच वेळी नांदत होती. धाकटी जाऊ पहिल्या युगातली. वस्तू जिथे हातातून सुटते तिथेच ती वस्तूची जागा. कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात, चष्मा कापसाच्या गाठोड्यात. ती आणि माझा दीर मोहगावजवळ वावरात राहतात, आम्ही सौंसरला. सणाला ती दोन तास उशिरा येते आणि सगळे तिच्यासाठी जेवायचे थांबलेले असतात. मी वेळेवर येते, तेव्हा कोणी थांबलेलं नसतं, कारण थांबावं लागत नाही. ती येते आणि घर हसायला लागतं. माझा नवरासुद्धा. मी एकदा त्याला विचारलं, तुम्ही माझ्या बोलण्यावर असे कधी हसता का. तो म्हणाला, "तू हसायसारखं काही बोलतेस कुठे?" त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं. मी ते लक्षात ठेवलं.

तिचं माहेर पांढुर्ण्याचं, जिथे दरवर्षी गोटमार भरते: नदीच्या एका काठचे पांढुर्णेवाले आणि दुसऱ्या काठचे सावरगाववाले एकमेकांना गोटे मारतात. ती मला बाई म्हणते. माझे डबे पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाली, "बाई, हे गोटमारीले देता का? असे धुतलेले गोटे पाहून सावरगाववाले मारतच नाही, हात जोडतीन." सगळे हसले. मी डब्यांची झाकणं लावली.

आता मला काय हवं होतं ते सरळ लिहिते. माझे डबे कुठेतरी काचेआड ठेवले जावेत आणि खाली माझं नाव असावं. एवढंच. त्यासाठी मी नागपूरला, जुन्या दगडी हत्यारांवर काम करणाऱ्या एका मॅडमना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, दुसरं लिहिलं. तिसऱ्या पत्रासोबत रजिस्टरातल्या चार पानांच्या झेरॉक्स जोडल्या. जानेवारीतल्या एका रविवारी त्या आल्या.

मी दिवाणावर पांढरी चादर अंथरून अकरा डबे ओळीने मांडले होते. मॅडमनी गळ्यातलं भिंग काढलं आणि तासभर एकेक दगड पाहिला. मधेच म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलेत हो!" मला वाटलं झालं. मग त्यांनी एक दुधी पाती हातात घेतली आणि विचारलं, "ही कुठली?"

मी क्रमांक पाहिला, रजिस्टर उघडलं. लांबी होती. वजन होतं. रंग होता.

"नाही, म्हणजे मिळाली कुठे?"

सुरुवातीच्या वह्यांमध्ये ते होतं. गाव, वावर, आणणाऱ्या मुलीचं नाव. पण दर उन्हाळ्याच्या सुटीत मी कच्ची वही पक्की करते, आणि एका वर्षी नव्या रजिस्टरात रकाने मावेनात. जाडीचा रकाना हवाच होता. गाव आणि आणणारा हे दोन रकाने मी गाळले. दगडात काय आहे ते महत्त्वाचं, कुठून आला ते नंतर पाहता येईल, असं मला वाटलं. कच्च्या वह्या रद्दीत गेल्या. त्याच वेळी डबेही मी आकाराप्रमाणे लावून घेतले होते, लहान ते मोठे. बोरगावचे आणि नदीचे आणि कुठकुठले, सगळे एकत्र.

"बोरगावची असावी," मी म्हणाले. "किंवा जाम नदीच्या काठची."

मॅडम चांगल्या बाई. त्यांनी पाती जागेवर ठेवली. "दगड खरे आहेत, सुंदर आहेत. पण जागाच माहीत नसेल तर हे एका वस्तीतले की दहा वस्त्यांतले, मी कसं सांगू? मुलांना दाखवायला फार छान आहेत."

मुलांना दाखवायला. सोळा वर्षं मी तेच करत होते.

नेमकी त्याच वेळी धाकटी जाऊ संत्र्यांची पिशवी घेऊन आत आली. चपलेच्या पट्ट्याला सेफ्टीपिन लावलेली. पिशवी दिवाणावर, पांढऱ्या चादरीवर ठेवली. डब्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "असे तं आमच्या नव्या बगीच्यात लय हायेत. गड्डे खंदले तवा निंगाले."

"काय केलंत त्यांचं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. पडले हायेत तठीच. ज्या गड्ड्यातले त्याच झाडापाशी."

"त्याच झाडापाशी?"

"हाव. धुऱ्यावर नेऊन टाकाचे होते, पण कोण उचलते?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या जाऊचा दंड धरला. सोळा वर्षांच्या अकरा डब्यांसमोर त्या तासभर बसून होत्या, आणि या एका वाक्याला उभ्या राहिल्या. पुढच्या रविवारी बगीचा पाहायला येते म्हणाल्या. जाताना संत्री घेऊन गेल्या. माझ्या हातचा चिवडा बांधून ठेवला होता, तो राहून गेला.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी शाळेत नीट शिकवलं. गुरुवारी दीर आणि जाऊ एका साक्षगंधाला पांढुर्ण्याला जाणार होते. मी अर्धी सुटी टाकली आणि मोहगावची बस धरली. मनाशी म्हटलं, नुसतं पाहून येऊ. पण मी पिशवी सोबत नेली होती. नुसतं पाहायला जाणारा माणूस पिशवी नेत नाही.

नवा बगीचा नदीकडच्या उतारावर आहे. संत्र्याची झाडं तीन वर्षांची, कमरेएवढी, अठरा फुटांवर एकेक. लावताना प्रत्येक झाडासाठी गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणला होता आणि खणताना निघालेले दगड मजुरांनी खड्ड्याशेजारी फेकले होते. दुसऱ्या कोणत्याही बाईने ते उचलून बांधावर, धुऱ्यावर रचून घेतले असते. हिने नाही. तीन वर्षं प्रत्येक आळ्याच्या कडेला दगडांचा पसारा तसाच होता. वाळलेली पानं, तुटक्या ठिबकच्या नळ्या, एक चहाचा कप, आणि त्यात त्या पात्या. उन्हात चमकत होत्या. माझ्या डब्यातल्या कोणत्याही पातीपेक्षा लांब, आणि मोडलेल्या नव्हत्या.

मी पाचव्या ओळीत शिरले, कारण तिथे सगळ्यात चांगल्या दिसल्या. तिथून सहाव्या ओळीत. तेवीस दगड घेतले. माझं डोकं त्या वेळी अगदी स्वच्छ चाललं होतं: चांगले माझ्याकडे आले की तिच्याकडे उरलेले राहतील, मॅडम येतील, पाहतील, आणि परत माझ्याकडे येतील. घरी येऊन मी ते साबणाच्या पाण्यात भिजवले, ब्रशने घासले आणि गच्चीवर टॉवेलवर वाळत घातले.

रविवारी मॅडम टेप, आलेखाची वही आणि छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. मी गेले, कारण न जाणं दिसलं असतं. बगीच्यात पाऊल टाकल्यावर मॅडम पहिल्या ओळीच्या टोकाला थांबल्या.

"हे तर खणलेलंच आहे," त्या म्हणाल्या. "मोजून अठरा फुटांवर एकेक खड्डा, आणि प्रत्येक खड्ड्यातला माल त्याच्या शेजारी. असं काम करायला आम्हाला कितीतरी दिवस लागतात. तुम्हाला हे सुचलं कसं?"

"सुचाले काय," जाऊ म्हणाली, "उचलाचा कंटाळा."

मॅडमनी वहीत ओळींना आकडे दिले, झाडांना आकडे दिले. तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या झाडापाशी त्या मांडी घालून बसल्या. तिथे एक मुठीएवढा दुधी दगड होता, चहूबाजूंनी सोललेला, आणि भोवती त्याचेच छिलके. त्यांनी एक छिलका उचलून त्या दगडाला लावून पाहिला. बसला नाही. दुसरा लावला. तो असा बसला की सांधा दिसेना.

"इथे बसून कोणीतरी पात्या काढल्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शेतीच्या आधी, गावाच्या आधी. चांगल्या पात्या घेऊन गेला, कचरा इथेच टाकून गेला. म्हणून आपल्याला कळतं."

"म्हंजे माह्यासारखाच होता तो," जाऊ म्हणाली. "त्याची बी मोठी जाऊ असन, घरी बोलणी खाल्ली असन त्यानं."

दोघी हसल्या. मॅडम तर डोळे पुसेपर्यंत. सहावीच्या मुलांना मी इतकी वर्षं शिकवते आहे आणि त्या माणसाला घर आहे, घरात बोलणी आहेत, हे मला कधी सुचलं नव्हतं. ते तिला सुचलं, उभ्या उभ्या, चपलेतला खडा काढता काढता.

चौथी ओळ दाट भरलेली होती. मग पाचवी आली.

मॅडमनी दोन झाडं पाहिली, चार पाहिली, सहावीत गेल्या, सातवीत गेल्या, परत आल्या. सातवीत दगड होते. त्या एकदम उत्साहात आल्या. "फार महत्त्वाचं आहे हे. चौथीपर्यंत दाट, पाचवी-सहावीत लांब पाती एकही नाही, नुसता चुरा, आणि सातवीत पुन्हा सुरू. म्हणजे एक वस्ती नाही. दोन आहेत, मधे मोकळी जागा. कदाचित वेगवेगळ्या काळातल्यासुद्धा." आणि त्यांनी पेन्सिलीने वहीत पाचव्या आणि सहाव्या ओळीभोवती एक लांबट चौकोन काढला.

एका दुपारी, एका कापडी पिशवीत, मी दोन काळ वेगळे करून ठेवले होते. तो चौकोन छापला गेला असता. कोणीतरी तो वाचून पुढे आणखी काही लिहिलं असतं. माझ्याशिवाय कोणालाही कळलं नसतं.

"होते नं मॅडम इथं," जाऊ म्हणाली. "बुधवारी तं मी याच ओळीत ठेचाळली."

मग ती खाली पाहायला लागली. मीही पाहिलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाचव्या आणि सहाव्या ओळीतली आळी गोल होती. कडा थापून सारख्या केलेल्या. वाळलेली पानं एका बाजूला गोळा केलेली, ठिबकच्या तुटक्या नळ्या एकत्र बांधलेल्या, चहाचा कप पालथा घालून ठेवलेला. दगड उचलता उचलता मी ते सगळं करून ठेवलं होतं. मला आठवतही नव्हतं.

जाऊने त्या कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमना म्हणाली, "पानी सोडलं होतं परवा. वाहून गेले असतीन."

"ठिबकच्या पाण्याने?" मॅडम हसल्या.

"जोरात सोडलं होतं."

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि तेही किती वाईट. मला तिचे आभार वाटायला हवे होते. मला वाटलं ते असं, की हेसुद्धा आता हिच्याच नावावर जाणार. दगडही हिचे आणि मोठं मनही हिचंच.

"माझ्याकडे आहेत," मी म्हणाले. "गुरुवारी मी नेले. तेवीस."

मॅडमची पेन्सिल थांबली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "कोणत्या झाडापासचा कोणता, लिहून ठेवलंत ना?"

"नाही."

"धुतले?"

"हो."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग रबराने तो लांबट चौकोन खोडला.

जाऊ मला स्कूटीवर सौंसरला घेऊन गेली, दगड आणायला. ती गाडी चालवते तशी बोलते, मागे न पाहता.

"मांगतले असते तं टोपलंभर देल्ले असते."

"तुझ्याकडे मागायचं नव्हतं."

"काहून?"

"तू हसली असतीस."

"हसली तं असतीच," ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मी रडू का मंग? तुमी डब्याईची झाकणं लावून घेता मी आली का. मले वाटे, आपल्याले हातच लावू देत नाही बाई."

ते खरं होतं. एका खड्ड्यातून गाडी गेली आणि मी तिचा खांदा धरला.

परत आल्यावर मॅडमनी तेवीस दगड एका पोत्यावर मांडले आणि जाऊला विचारलं, काही आठवतं का. मला वाटलं, हिला काय आठवणार, जिला घरची किल्ली सापडत नाही. तिने पहिलाच दगड उचलला. "हा पाचव्या ओळीतल्या चवथ्या झाडाचा. याच्यानं मी दोरी कापत होती." दुसरा. "याच्यावर नळी टेकवली होती, तथल्या पाह्यल्या झाडापाशी." तिसऱ्याने तिने एकदा पायातला काटा काढला होता. एका जाड पातीने ती सुतळी तोडत असे. किती हजार वर्षांनी कोण जाणे, पण ती ते दगड वापरत होती. मी त्यांचं वजन करत होते.

तेवीसांपैकी नऊ तिला आठवले. चौदा राहिले.

मग चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी: ओळ, झाड, शोधणाऱ्याचं नाव, कोणी उचललं. मॅडमनी पेन जाऊसमोर धरलं.

"माह्यं अक्षर कोंबडीचं," ती म्हणाली. "बाई लिहितीन. त्याईचं छापल्यासारखं हाय."

मी धुऱ्यावर बसले, मांडीवर वही घेतली आणि लिहायला लागले. शोधणाऱ्याचं नाव: तिचं. उचलणाऱ्याचं: मॅडमचं. पुढची चिठ्ठी. शोधणाऱ्याचं नाव: तिचं. सौंसर तालुक्यात कोणी तिचं नाव इतक्या वेळा इतक्या चांगल्या अक्षरात लिहिलं नसेल. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नाही. पहिल्या ओळीला बोटं आखडली होती, चौथ्या ओळीपर्यंत ते नाव हाताला बसलं.

पाचव्या-सहाव्या ओळीच्या जागा लागलेल्या नऊ चिठ्ठ्या झाल्या. मग उरलेल्या चौदा. ओळ: पाच किंवा सहा. झाड: माहीत नाही. शोधणाऱ्याचं नाव: तिचं. कोणी उचललं: तिथे मी माझं नाव लिहिलं. शाळेत सहीला लिहिते तसं पूर्ण. चौदा वेळा, आणि मागे जाऊन त्या नऊ चिठ्ठ्यांवरही. मॅडमनी त्या चौदा पिशव्यांचं वेगळं पुडकं बांधलं.

जाऊ माझ्या खांद्यावरून वाचत होती. "म्हंजे बाईचं नाव बी नागपूरले जाते का?"

"जातं," मॅडम म्हणाल्या. "लिहावंच लागतं."

"घ्या, झालं नं तुमचं काम!" ती म्हणाली आणि हसली. मला टोमणा मारायला हसली की बरं वाटावं म्हणून, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

"सातव्या ओळीच्या पिशव्या दे," मी म्हणाले.

ती शोधायला लागली. टोपल्यात पाहिलं, झाडामागे पाहिलं, मॅडमच्या झोळ्यात पाहिलं. पिशव्या तिच्याच काखेत, पदराखाली होत्या. मला कोपरा दिसत होता. मी बराच वेळ सांगितलं नाही.